आठशेचं इंजिन आणि यवतेश्वरचा घाट

आमच्या ह्यांनी गाडी विकत घेतली नाही, बांधली. सांगलीत आमचं फॅब्रिकेशनचं शेड होतं. दिवसभर तिथे लोकांच्या खिडक्यांच्या जाळ्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या व्हायच्या, आणि संध्याकाळी मागच्या कोपऱ्यात ही दोन माणसांची उघडी गाडी. रद्दीतल्या एका मासिकात जुन्या विलायती स्पोर्ट्स कारचं चित्र सापडलं होतं, त्याची ही नक्कल. पाइपांची चौकट आणि वर फायबरची लाल बॉडी. बॉडी इतकी हलकी, की दोघं जण ती उचलून उन्हातून सावलीत नेऊन ठेवत. नव्वदनंतरच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट. मला ती गाडी पहिल्या दिवसापासून आवडली होती, पण हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

ह्यांनी तिच्यात आधी जुन्या जीपचं डिझेल इंजिन बसवलं. हे मूळचे वडूजकडचे, तरुणपण जीपवर गेलेलं. इंजिन सुरू झालं की घरातली भांडी हलली पाहिजेत, अशी त्यांची समजूत. त्या वजनाने गाडीचं नाक खाली गेलं. क्लच दाबायला मला सीटवरून अर्धं उठावं लागे आणि स्टिअरिंग जात्यासारखं ओढावं लागे. माझ्याकडे लायसन होतं. रीतसर शिकून काढलेलं आणि कपाटात पडून असलेलं.

माझं माहेर साताऱ्याचं. तिथे गेलो असताना त्या जीपच्या इंजिनावर आम्ही यवतेश्वरचा घाट चढलो. चढली ती झोकात, पण एका वळणावर ह्यांनी स्टिअरिंग पुरतं फिरवूनही ती सरळ कठड्याकडे निघाली. हातभर अंतरावर थांबली. ह्यांनी रिव्हर्स टाकून ती परत रस्त्यावर घेतली. मी तेव्हा मूग गिळून बसले.

घरी परतल्यावर मात्र बसले नाही. अपघातात चेपलेल्या एका व्हॅनचं आठशे सीसीचं इंजिन शेडमध्येच पडलेलं होतं. तेच बसवा म्हणून मी हट्टाला पेटले. आमच्या मिस्त्रींनी नाक मुरडलं. म्हणाले, "वहिनी, हे शिलाईचं मशीन हाय." मी म्हटलं, शिलाईचं मशीन मला चांगलं चालवता येतं. शेवटी ह्यांनी इंजिन बदललं, पण अट घातली. यवतेश्वर चढलं तर हे राहील, नाही तर जीपचं परत बसेल. म्हणजे त्या गाडीत मी चालवणारी की नुसती शेजारी बसणारी, हे घाटावर ठरणार होतं.

एका रविवारी सकाळी माहेरून निघालो. स्टिअरिंगवर अर्थात हे. सपाट रस्त्यावर गाडी छान पळाली. घाट लागला आणि ह्यांनी जीपच्या सवयीने तिला तिसऱ्या गेअरमध्येच ठेवून नुसता ॲक्सिलरेटर दाबला. आवाज खाली खाली गेला, आणि दुसऱ्या वळणावर इंजिन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुढच्या चढाला पुन्हा तेच.

"लय हलकं हाय गं हे. उद्या काढून टाकू," असं हे म्हणाले, आणि म्हणताना त्यांना बरं वाटत होतं. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, गाडी पायथ्याशी न्या आणि माझ्या हातात द्या. माझा चेहरा बघून त्यांनी वाद घातला नाही.

आता मी काही मोठी ड्रायव्हर नव्हते. पण सात वर्षं मोपेड चालवली होती. मागे मूल, पुढे दळणाचा डबा आणि खाली पन्नास सीसी. तेवढ्यावर संसार ओढणाऱ्या बाईला इंजिनाचा दम ओळखता येतो. चढ लागायच्या आधीच वेग घ्यायचा आणि आवाज पडायच्या आधी गेअर उतरवायचा. मोठ्या इंजिनवाल्याला हे शिकायची गरजच पडत नाही, त्याची अर्धी ताकद झोपूनच असते. लहान इंजिनात जेवढं आहे तेवढं सगळं वापरावं लागतं, आणि खरी मजा त्यातच आहे.

पायथ्यापासून मी दुसऱ्या गेअरवर आवाज चढता ठेवला. वळणाला फारसं थांबावंच लागेना. नाक हलकं झालेलं, मनगट फिरवलं की गाडी आत वळायची. ज्या कठड्याने मागच्या खेपेला घाबरवलं होतं, तो मी हसत हसत मागे टाकला. शेजारी हे दोन्ही हातांनी दार धरून बसले होते. वर पोचल्यावर गाडी बाजूला घेतली, आणि सरळच सांगते, इतका आनंद मला फार कमी वेळा झाला आहे.

हे उतरले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. आता म्हणतील, नशिबाने चढली. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"परत खाली जाऊन येऊ," हे म्हणाले. "या खेपेला मी चालवतो. गेअर कवा बदलायचा, ते तू सांग."

पूर्ण घाटभर मी सांगत गेले आणि हे ऐकत गेले. आमच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.