शरदिनीमावशीची मार्गदर्शक योजना

शरदिनीमावशी चिडली की तिची मराठी संपायची आणि हिंदी सुरू व्हायची. तिकडे उत्तरेत, बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत तिचा जन्म गेला. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, असा शेवड्यांकडचा, म्हणजे माझ्या आजोळचा, रिवाज होता, पण राग आला की तिला उंबरा आठवत नसे. २००३ साली मी विश्वविद्यालयात शिकायला म्हणून तिच्याकडे राहत होते. त्या वर्षी घरात मराठी फारशी ऐकूच आली नाही; तिचं रागातलं बोलणं मी इथे मराठीत करून सांगतेय.

मावशी एका सरकारी बँकेच्या विभागीय कार्यालयात प्रशिक्षणाचं काम पाहायची. कारकून म्हणून लागली, परीक्षा देत देत अधिकारी झाली. लग्न केलं नाही. धाकटा भाऊ वेणीमाधव, म्हणजे माझा मामा, संस्कृत पाठशाळेत शिकवायचा. त्याच्याच कुटुंबात ती राहायची. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती आणि ती शांतपणे काढायची, असं ती सगळ्यांना सांगत असे.

तेवढ्यात मुख्य कार्यालयाचा हुकूम आला. नवे भरती झालेले अधिकारी वर्षा-दोन वर्षांत नोकरी सोडून जात होते, आणि जे राहत ते लवकरच मान खाली घालून शिक्के मारू लागत. म्हणून प्रत्येक नव्या माणसाला एक अनुभवी मार्गदर्शक द्यावा, त्यातून नव्या कल्पना निघाव्यात, वगैरे. विभागीय व्यवस्थापक त्रिपाठीजींनी तो कागद मावशीकडे सरकवला. "शेवडेजी, आप ही कुछ बना दीजिए."

"कुछ" म्हणजे दोन पानं, असं त्यांना अभिप्रेत होतं. मावशीने ते मनावर घेतलं. ती शाखांतून फिरली, नव्या पोरांशी बोलली, सोडून गेलेल्यांना फोन केले. रात्री जेवताना मामाला सांगायची, "वेणू, त्यांना कामाचा कंटाळा नाही रे आला. काही सुचवलं की 'आधी दहा वर्षं काढ' असं ऐकावं लागतं, त्याचा आलाय."

तिने जे बनवलं ते साधं होतं. मार्गदर्शक हा त्या माणसाचा साहेब नसावा. तो दुसऱ्या विभागातला असावा, म्हणजे वार्षिक शेरा त्याच्या हातात राहणार नाही. नव्या माणसाने काही महिने स्वतःच्या मनाने एक छोटा बदल करून पाहावा. तो फसला तर खुलासा मागू नये, काय शिकलास एवढंच विचारावं.

बैठकीत त्रिपाठीजींनी चष्मा काढून विचारलं, "फसण्याची परवानगी? लेखी? ऑडिटला मी काय सांगू?" ते वाक्य मसुद्यातून गेलं. ओझाजी नावाचे ज्येष्ठ अधिकारी होते. ते म्हणाले, साहेबच मार्गदर्शक नसेल तर पोरं त्याला मान कशाला देतील? मार्गदर्शक साहेब नसावा, हा मुद्दाही गेला. मग कुणीतरी म्हणालं की उद्घाटन गुरुपौर्णिमेला करू या. हे मात्र सगळ्यांना एकदम पटलं.

गुरुपौर्णिमेला कार्यालयाच्या सभागृहात शाली आणि नारळ वाटले गेले. नव्या अधिकाऱ्यांनी रांगेत उभं राहून आपापल्या साहेबांच्या पाया पडून घेतलं. मावशी घरी आली, पर्स पलंगावर टाकली आणि थेट भाजी चिरायला बसली. भोपळ्याचे तुकडे ताटाबाहेर उडत होते.

"मला बदल करणारी माणसं हवी होती, वेणू. त्यांनी मला चरणस्पर्श दिला!"

मामा जपून म्हणाला, "नारळ तरी आणलास का?"

त्यानंतर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

योजना चालू झाली आणि मावशीचा पारा चढतच राहिला. ओझाजींचा शिष्य त्यांच्या लखनऊच्या गाडीची तिकिटं काढत होता. दुसरा एक जण साहेबांच्या मुलीला गणित शिकवत होता. दर महिन्याला 'नवोपक्रम' म्हणून अहवाल यायचे: जिन्यात कुंड्या ठेवल्या, भिंतीवर नवं सुभाषित लिहिलं. "कुंड्या!" मावशी ओरडायची. "तीस वर्षांच्या नोकरीत मला कुंड्या मोजायला बसवलंय!"

साहेबच मार्गदर्शक, असा नियम झाल्यामुळे मावशीच्याही वाट्याला एक नवी अधिकारी आली. बकुळ देवतळे, नागपूरची. प्रशिक्षण विभागात नेमलेली, पण आठवड्यातले तीन दिवस चौकाजवळच्या शाखेत बसायची. मराठी बोलायला कुणी मिळालं म्हणून दोघींना आधी बरंच वाटलं. मग ऑक्टोबर आला.

नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना आपण जिवंत आहोत असा दाखला बँकेत येऊन द्यावा लागतो. ती शाखा पहिल्या मजल्यावर होती आणि जिना उभा चढाचा. बकुळ म्हणाली, "मॅडम, म्हातारी माणसं तो जिना चढतात ते बघवत नाही. आपणच गल्लीत जाऊन टेबल मांडलं तर? एकेक मोहल्ला घेऊ."

"आजारी माणसाकडे घरी जाता येतं. गल्लीत टेबल मांडायचं कुठे लिहिलंय?"

"मांडू नये असंही कुठे लिहिलंय?"

"बकुळ, तू आत्ता आलीयेस. आधी एक नोव्हेंबर बघ, काम समजून घे, मग सुचव."

बकुळ उठली. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "म्हणजे ओझाजींचा तो मुलगा तिकिटं काढतो आणि मी तुमच्या फायली लावते. योजनेत तेवढाच फरक आहे ना, मॅडम?"

मावशी त्या संध्याकाळी घरी आली ती तावातावानेच. पोरगी उद्धट आहे, नागपूरची तोंडाळ आहे, शेरा असा लिहीन की जन्मभर लक्षात ठेवील. बोलता बोलता ती एकदम थांबली. मामीने विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "काही नाही. शेरा माझ्याच हातात आहे, हे आत्ता लक्षात आलं." आणि जेवण अर्धं टाकून उठली.

दुसऱ्या दिवशी तिने बकुळला बोलावलं. "टेबल मांड. टिपणावर सही माझी राहील, म्हणजे खुलासा मला मागतील." आवाज मात्र आदल्या दिवशीइतकाच चिडलेला होता. बकुळने नंतर मला सांगितलं की आपल्याला परवानगी मिळाली की शिक्षा, हे तिला पाच मिनिटं कळलंच नव्हतं.

पहिला दिवस वाईट गेला. ब्रह्माघाटाजवळच्या एका मठाच्या अंगणात टेबल मांडलं होतं. बातमी पसरली आणि आजूबाजूच्या मोहल्ल्यांतूनही माणसं आली. त्यात दुसऱ्या बँकांचे खातेदारही होते. त्यांना परत पाठवायचं म्हटलं तर भांडणं. एका निवृत्त स्टेशनमास्तरांनी मावशीलाच सुनावलं, "मैं आपके सामने खड़ा हूँ, और क्या सबूत चाहिए?" दुपारी माकडांनी अर्जांचा एक गठ्ठा उचलला आणि छपरावर बसून फाडला. उरलेल्या बऱ्याच अर्जांवर घाईत शिक्काच राहिला होता. ज्यांना जिना चढावा लागू नये म्हणून हा खटाटोप, त्यांतल्या कित्येकांना पुन्हा जिना चढावा लागला.

त्रिपाठीजींनी खुलासा मागितला. मावशीने लिहिलं की प्रयोग माझ्या परवानगीने झाला, फसला, आणि पुढच्या वेळी काय बदलायचं ते खाली देत आहे. खाली सगळं बकुळने सांगितलेलं होतं. अंगणाऐवजी दार लावता येईल अशी खोली, गल्लीनुसार ठरलेले दिवस, आणि खातं आपल्याच बँकेत आहे ना हे आदल्या दिवशी तपासणं. त्या वर्षी मावशीच्या शेऱ्यात 'उतावीळ' असा शब्द आला. तिशीत आला असता तर अभिमान वाटला असता, असं ती म्हणाली आणि पुन्हा चिडली.

पुढच्या नोव्हेंबरात, पुन्हा मावशीच्याच सहीवर, टेबल खोलीत गेलं आणि काम नीट झालं. कुणी शाल दिली नाही. बायकांनी बकुळला आवळे आणून दिले. आणखी दोन शाखांनी तेच सुरू केलं आणि कल्पना आपल्याच विभागाची, असं ओझाजींनी एका भाषणात सांगून टाकलं. मावशीने ते भाषण पहिल्या रांगेत बसून ऐकलं.

योजना मात्र त्रिपाठीजींच्या बदलीबरोबर संपली. नव्या साहेबांनी मावशीला बोलावून सांगितलं की नेतृत्वविकासाचं काहीतरी बनवा, दोन पानं पुरे. तिने खरंच दोन पानं दिली. नंतर बराच काळ ती त्या दोन पानांवर चिडलेली होती.

मावशी निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. बकुळ नागपूरला शाखा व्यवस्थापक आहे. रविवारी तिचा फोन येतो आणि ती हाताखालच्या पोरांच्या तक्रारी सांगते: ऐकत नाहीत, सगळं बदलायचं म्हणतात, तेही आजच. मावशी तिला मध्येच तोडते, "अगं, मग एकाला तरी करू दे ना! कुणाची सही हवीये?" मग दोघी तासभर भांडतात, आणि मामी आतल्या खोलीतून मावशीला गॅस बंद करायला ओरडते.