भीमनगरला न पोचलेला नळ

कर्नाटक सीमेवरच्या खजुरीच्या पलीकडचं ते गाव सोडून बरीच वर्षं झाली, पण ही गोष्ट माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेली नाही. आज तरी पडेल का? बघू. तीनदा लिहायला बसलो, तीनदा चहाच्या निमित्ताने उठलो.

मी तिथल्या डाळ मिलचा मॅनेजर होतो. मालकांना सगळे अप्पा म्हणत. माणूस बसवेश्वरांचं तत्त्व मानणारा. कायक आणि दासोह, म्हणजे कष्ट आणि त्यातलं वाटून खाणं, ही दोन वेगळी कामं नव्हेतच, असं म्हणायचे. मिलच्या बोअरला भरपूर पाणी लागलं तेव्हा त्यांनी ठरवलं — एक नळ भीमनगरात न्यायचा. आमच्याकडे डाळ निवडणाऱ्या बहुतेक बाया त्याच बौद्ध वस्तीतल्या. पाण्यासाठी ओढ्यापर्यंत जायच्या, मग कामाला यायच्या. अप्पा म्हणाले, हे दान नव्हे, बाया सुखात असल्या तरच मिल टिकेल. पाइप टाकायचं काम माझ्याकडे दिलं.

मग गावातले चार मोठे लोक माझ्याकडे आले. धमकावलं वगैरे काही नाही. चहा प्याले आणि म्हणाले, नळ वरच्या गल्लीत पारापाशी असू द्या, सगळ्यांच्या सोयीचा. सगळ्यांच्या? तिथे कोणाला पाणी भरू देतात, मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण मला त्यांच्यात राहायचं होतं — हे कारण म्हणून सांगत नाही, झालं तसं सांगतोय.

आता सांगूनच टाकतो. मी अप्पांना म्हणालो, भीमनगरवालेच म्हणतायत, नळ पारापाशी द्या, गावाची सोय होईल. खोटं — धडधडीत खोटं. मी त्या वस्तीत पाऊलही टाकलं नव्हतं.

अप्पांचे डोळे भरून आले. नळ सुरू करायचा मान त्यांनी शेवंताअक्काला दिला. डाळ निवडणाऱ्यांतली ती सगळ्यात जुनी. सगळ्यांसमोर त्यांनी भीमनगरच्या मोठेपणाचे आभार मानले. तेव्हा ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आमी कवा म्हनलाव, अण्णा? कुनी इचारलंच न्हाई आमाला."

मी हातातला नारळ फोडायला वाकलो. तिने अप्पांना काही सांगितलं नाही — का, ते मी कधी विचारलं नाही. तोटी उघडून पाणी सोडलं आणि घरी गेली.

अप्पांची जीप वळली तशी त्या चौघांतल्या एकाने तोटी धुऊन घ्यायला सांगितलं. कळशी माझ्याजवळ होती. पाणी मी ओतलं.