बासष्टपर्यंत

आण्णा गेले तेव्हा मी कराडात होतो. बायकोचा फोन आला, "भावजी गेलं… लवकर या." आष्ट्याला घरी पोचेपर्यंत दीड तास गेला. दारात माणसं मावत नव्हती. मला मोजायची सवय. दोनशेच्या पुढं सोडून दिलं. सांगायला लाज वाटते, पण पहिला विचार हाच आला, की माझ्या वेळी एवढी येणार नाहीत.

आण्णा माझे थोरले भाऊ, चार वर्षांनी मोठे. सांगलीजवळ वडिलांची हळदीची तीन पेवं होती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, खोली वीस फूट. हळकुंड मोडून नुसत्या वासावर आण्णा माल ओळखायचे. व्यापारी त्यांनाच विचारायचे, वडीलही त्यांनाच. मी वजनं कितीही बिनचूक सांगितली तरी वडील म्हणायचे, "थोरल्याला नाक हाय, तुला नुसती बोटं." सगळे हसायचे. आण्णाही हसायचे आणि मग माझ्या पाठीवर थाप मारायचे. ती थाप जास्त झोंबायची.

पेवात कोंडलेली हवा माणूस मारते. म्हणून काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीनं पेटता कंदील तळाला सोडून शंभर आकडे मोजायचे. दिवा जळत राहिला तरच उतरायचं. मोजणं माझं काम. त्या दिवशी सकाळी वडिलांनी हमालांसमोर तिन्ही पेवांचा कारभार आण्णांकडे दिला. दुपारी मी कंदील सोडून मोठ्यानं मोजू लागलो. आण्णा पाठमोरे, कमरेला दोर बांधत होते. बासष्टला दिवा विझला. मी थांबलो… दोन श्वास. मग त्रेसष्ट म्हटलं, आणि शंभरपर्यंत गेलो.

"जळतोय न्हवं रं, धाकल्या?"

"व्हय, आण्णा."

ते वळायच्या आत मी कंदील वर ओढून घेतला. ते उतरले. दोर ढिला पडला तेव्हा मीच ओरडलो, हमालांबरोबर मीच ओढलं. कंदील वर घेताना विझला, असं नंतर सगळ्यांना सांगितलं. आण्णांचा जीव वाचला. पण जीभ जड झाली आणि नाकाला वास कळणं कायमचं गेलं. गाव मला भाऊ वाचवणारा म्हणू लागलं.

पुढची सगळी वर्षं ते माझ्याकडेच राहिले. तरीही लोक यायचे ते त्यांच्यापाशी बसायला. माझी मुलगी निकालाचा कागद आधी त्यांना दाखवायची. मी तेव्हाही जळलो. नाक गेलं तरी माणूस पुढंच होता.

त्यांची एक खोड होती. कुठल्याही खोलीत शिरण्याआधी उंबऱ्यावर थांबून मोठ्यानं मोजायचे. बासष्टला अडायचे, दोन श्वास, मग आत. मुलगी चिडवायची, "आण्णा, गाडी बासष्टालाच पंक्चर कशी वं?" ते खुदकन हसायचे. एकदा दोघंच असताना मी विचारलं, "आण्णा, फुडं का म्हणत न्हाई?"

त्यांनी एकेक शब्द गोळा केला. "फुडलं… तू म्हणतोस की."

रागानं नाही. कणीस सोलता सोलता.

आता त्यांच्या खोलीत रोज संध्याकाळी दिवा लावायचा असतो. तो माझ्या हातात देऊन बायको मागं उभी राहते. उंबऱ्यावर मी मनात मोजू लागतो, बासष्टला येतो, आणि पुढचा आकडा फुटत नाही. तिला यातलं काही ठाऊक नाही. हे छापून आल्यावरच वाचेल.

काल ती पाठीमागून म्हणाली, "आवं, आत जावा की… विझंल."