काकू बोलल्या की काटा हलायचा

मंगलाकाकूंनी मायक्रोफोनचं बटण दाबलं, "गुड मॉर्निंग" म्हटलं आणि डिझेलचा काटा सरसर वर चढला. बटण सोडलं तसा तो हळूहळू खाली आला आणि पाव टाकीवर जाऊन बसला.

"बघितलंस?" काकू मला म्हणाल्या.

ड्रायव्हरच्या सीटवर त्यांचे यजमान बसले होते. विश्राम परब, मूळचे मालवणकडचे, उभी नोकरी बस चालवण्यात गेलेली. काट्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "बोलत रव गो. टाकी भरता हा."

मी हसले. पण मनातून हसू येत नव्हतं. आवाजाने काटा हलतो याचा अर्थ वीज जिथे जायला नको तिथे कुठेतरी जात होती.

माझं काम गाड्यांमध्ये रेडिओ बसवण्याचं. गाणी लागतात तो नाही, टू-वे रेडिओ. पोलिसांच्या जीपमध्ये असतो तसा. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. हौसेखातर वापरायचा असला तरी सरकारी परीक्षा देऊन लायसन्स काढावं लागतं. पूर्वी मी अंधेरीच्या एका कंपनीत टॅक्सींना वायरलेस बसवायचे. टॅक्सीवाल्यांच्या हातात मोबाईल आले, कंपनी बंद झाली. आता मुलुंडला माझा स्वतःचा गाळा आहे.

काकूंकडे लायसन्स होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी अभ्यास करून परीक्षा दिली. मुलुंडमधल्या त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एरियल होती. रोज सकाळी ठरलेल्या वेळी दहा-बारा जण एकमेकांची हजेरी घ्यायचे, त्यात काकूंचा आवाज असायचा. मीही कधीकधी चहा पिताना ऐकायचे. खणखणीत, मधे न थांबणारा आवाज.

आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती. सगळे भाड्याच्या घरांत पांगले. परबकाकांनी मात्र जुनी व्हॅन घेतली आणि एका बॉडीवाल्याकडून तिचं घर करून घेतलं. आत पलंग, शेगडी, फ्रिज, पंखा, खिडक्यांना काकूंच्या जुन्या साड्यांचे पडदे. नवी बिल्डिंग उभी राहीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचं, असा बेत. फ्लॅटची चावी द्यायला आठवडाभर उरला होता. म्हणजे ही गाडी हेच आता त्यांचं घर.

"काकू, मोबाईल आहे की हातात," मी म्हटलं होतं. "रेडिओ कशाला?"

"मोबाईलवर ओळखीच्यांशीच बोलता येतं गं," त्या म्हणाल्या.

रेडिओ बॉडीवाल्याच्याच माणसाने बसवला होता. मी पहिल्यांदा वर चढून एरियल पाहिली. छप्पर फायबरचं. त्यावर लोखंडाची छोटी चकती चिकटवून तिच्यावर एरियल उभी केलेली. इथे थोडं समजावते. एरियलची काडी म्हणजे अर्धीच एरियल. उरलेली अर्धी म्हणजे तिच्या खालचा पत्रा. पत्रा नसेल तर रेडिओची शक्ती धड बाहेर पडत नाही. केबलच्या अंगावरून उलटी खाली येते आणि डॅशबोर्डच्या वायरींत शिरते. काटा त्यामुळेच हलत असणार.

"छताच्या आतून पत्रा टाकू," मी काकांना म्हटलं. "मधे एक भोक पाडावं लागेल."

काका गाडीतून खाली उतरले. "छपराक भोक पाडूचा नाय."

"सील करून देते, काका."

"नाय म्हणजे नाय. पावसाचा पाणी पलंगावर पडला होता मागे. दोन वेळा छप्पर बांधून घेतलंय मी."

त्यांचं बरोबर होतं. घराच्या छपराला भोक पाडा, असं मी तरी कुणाला सहज म्हटलं असतं का? मग बॉनेटकडे पाहिलं. ते लोखंडी होतं. कडेला क्लॅम्प लावून एरियल तिथे उभी केली. उंची कमी झाली, म्हणजे पल्लाही थोडा कमी. काकूंनी खांदे उडवले. "असू दे. ऐकू आलं म्हणजे झालं."

मी म्हटलं, झालं काम. अर्ध्या दिवसात मोकळी.

काकूंनी बटण दाबलं. काटा आता चढला नाही, नुसता थरथरला. इंजिन चालू केलं तर काकूंच्या आवाजामागे एक बारीक शीळ ऐकू येऊ लागली, कुणी दूर बसून एकच सूर धरल्यासारखी. काकांनी फ्रिज लावला आणि शीळ जाड झाली.

शीळ येते अल्टरनेटरमधून, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या, बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रातून. पण फ्रिजने ती का वाढावी? फ्रिज मागे, रेडिओ पुढे. दोघांचा संबंध यायलाच नको.

"डॅशबोर्ड उघडावा लागेल," मी म्हटलं.

काकांनी स्टेअरिंगवरून हात फिरवला. मग उठले. "उघड."

गाडी माझ्या गाळ्यात आणली. दुपार होती. गाळ्याच्या पत्र्याला जुनी भोकं आहेत, त्यांतून उन्हाचे कवडसे गाडीवर पडले होते आणि काकूंच्या पडद्यांवर सावकाश सरकत होते. मी डॅशबोर्डखाली उताणी पडून टॉर्च लावला. आत वेलींचं रान माजावं तसं वायरींचं जंगल. सगळ्या वायरी काळ्या. येणारी कुठली, जाणारी कुठली, काही कळत नव्हतं.

मागे काकूंनी भात लावला होता. कुकरची शिट्टी झाली, वाफेचा वास माझ्यापर्यंत आला. आजवर कितीतरी गाड्यांखाली झोपलेय, पण कुणाच्या स्वयंपाकघरात पाय आणि इंजिनाशी डोकं असं कधी झालं नव्हतं. क्षणभर वाटलं, गाडी उभी नाहीच, कुठल्यातरी शांत पाण्यावरून चाललीय आणि मागे घर नेहमीसारखं चाललंय.

"काकू, एक्स्चेंजमध्ये नक्की काय करायचात तुम्ही?" मी खालूनच विचारलं.

"ट्रंक कॉल जोडायचे," त्या म्हणाल्या. भांड्यांचा आवाज थांबला. "कुणाचा तरी आवाज उचलायचा, कुणाच्या तरी कानाशी नेऊन सोडायचा, आणि आपण बाजूला व्हायचं. रत्नागिरी, धुळे, नागपूर. मी यातलं एकही गाव पाहिलं नव्हतं. पण प्रत्येक लाईनचा आवाज वेगळा यायचा. रत्नागिरीची लाईन लागली की मला समुद्रच ऐकू यायचा. बाकीच्या हसायच्या."

तेवढ्यात माझ्या बोटाला चटका बसला.

टॉर्च जवळ नेला. डॅशबोर्डमागे लोखंडाची एक पट्टी होती. तिच्यावर एकच स्क्रू आणि त्या स्क्रूखाली वायरींचा झुबका पिळून आवळलेला. हे अर्थिंग. बॅटरीतून निघालेल्या विजेला परत यावंच लागतं. गाडीत हा परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. मीटर, वायपर, दिवे, रेडिओ, सगळ्यांचा परतीचा रस्ता या एका स्क्रूवरून नेला होता. भर म्हणून मागचा फ्रिज आणि पंखाही. आणि पट्टीचा रंग खरवडलेलाच नव्हता. रंगातून वीज जात नाही. स्क्रूच्या आट्यांवरून काय जाईल तेवढंच. म्हणून फ्रिज लागला की वीज तिथे अडायची, वाट मिळेल तिकडे पळायची, मीटरमधून, रेडिओमधून. शीळ त्याची होती.

एका वायरचं प्लॅस्टिक वितळून तपकिरी झालं होतं. त्याच्यामागे इंजिनाचा आवाज आत येऊ नये म्हणून फोम चिकटवलेला. फोमवर रुपयाएवढा काळा डाग.

मी बाहेर आले आणि काकांना म्हटलं, "जरा वाकून बघा."

त्यांनी बघितलं. स्क्रूजवळ हात नेला आणि मागे घेतला.

"फ्रिज रात्रभर चालू ठेवणार होतात ना?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. मागे पलंग होता, पलंगाला लागून गॅसची टाकी. मला पुढे काही बोलावं लागलं नाही.

मी बॉडीवाल्याला फोन लावला, स्पीकरवर.

"मॅडम, सगळ्या गाड्या अशाच करतो मी. कुणाची कंप्लेंट नाही."

"इथे फोम जळालाय."

"थोडंफार गरम होतं ना मॅडम. चालतं."

"नाही चालत. अशा केलेल्या गाड्यांच्या मालकांना फोन कर. आज कर."

तो म्हणाला, "बघतो." त्याने फोन केले का, मला माहीत नाही.

काका गाळ्याच्या दारात जाऊन उभे राहिले. पाठमोरे. काकू त्यांच्या शेजारी गेल्या. मला ऐकू येत होतं.

"तेजसचाच बरोबर होता," काका म्हणाले. तेजस म्हणजे त्यांचा मुलगा, पुण्याला असतो. त्याने आईवडिलांना आपल्याकडे येऊन राहा म्हणून फार विनवलं होतं. "म्हातारपणी खूळ घेतलंत, असा त्याचा म्हणणा. जाव या त्याच्याकडे."

"जाऊ या," काकू म्हणाल्या. "चार दिवस पाहुणे म्हणून. गाडी नीट झाल्यावर. याच गाडीने."

काकूंनी मागे वळून मला विचारलं, "होईल ना गं नीट?"

"होईल," मी म्हटलं. "पण सगळं उपसावं लागेल. घाई करू नका."

"घाई बिल्डरला आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही रिकाम्या फ्लॅटमध्ये चटई टाकून झोपतो. पंखासुद्धा काढून नेलाय. छान हवा येते."

मग आम्ही तिघांनी ते काम केलं. मी एकेक वायर शोधून काढली. काका गाडीतलं एकेक बटण दाबायचे आणि काय लागलं ते ओरडून सांगायचे. काकू टेपवर नाव लिहून वायरीला गुंडाळायच्या. ऑपरेटरचा हात, एकदाही चुकला नाही. घराच्या वस्तू, म्हणजे फ्रिज, पंखा, आतले दिवे, मी गाडीच्या वायरिंगपासून पूर्ण तोडल्या. त्यांना मागे त्यांची स्वतःची बॅटरी, प्रत्येकाला वेगळा फ्यूज. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा. जास्त वीज आली तर वायरच्या आधी तो जळतो. डॅशबोर्डचं अर्थिंग जाड वायरने थेट सांगाड्यावर नेलं. तिथला रंग काकांनी स्वतः पॉलिश पेपरने घासला, चांदीसारखं लोखंड दिसेपर्यंत. घासून झाल्यावरही घासत राहिले. रेडिओ सरळ पुढच्या बॅटरीवर घेतला, मधे कुणीही नाही. जळका फोम काढून टाकला.

गाळ्यात काटा हलला नाही, शीळ आली नाही. पण पत्र्याच्या गाळ्यात रेडिओची खरी परीक्षा होत नाही. काका म्हणाले, "गोराईक जाव या." तिथे कोळीवाड्यात त्यांच्या ओळखीचं घर होतं, समोर मोकळी जागा.

घोडबंदर रोडने निघालो, भाईंदरवरून उत्तनमार्गे. मी मागच्या पलंगावर बसले होते. खिडकीतून मिठागरं गेली, चर्च गेलं, वाळत घातलेले बोंबील गेले. ऑक्टोबरचं ऊन उतरत होतं. समुद्राकाठी गाडी लावली तेव्हा वारा अगदी पडला होता. पाणी आणि आभाळ यांच्यामधली रेघ पुसली गेली होती. एक होडी हवेतच उभी असल्यासारखी दिसत होती.

मी इंजिन चालूच ठेवायला लावलं. फ्रिज, पंखा, दिवे, वायपर सगळं लावायला सांगितलं. काकूंनी बटण दाबलं, आपला कॉल साइन, म्हणजे लायसन्सवरचं सांकेतिक नाव, सांगितला, कुणी ऐकतंय का विचारलं. काटा जागचा हलला नाही. आवाज स्वच्छ.

उत्तर आलं नाही. एरियल बॉनेटवर, आणि रोजची माणसं ठाणे-कल्याणला, मधल्या डोंगरांआड. मी म्हटलं, पुन्हा बोला.

दुसऱ्यांदा उत्तर आलं. अगदी शेजारच्या खोलीतून बोलावं तसं. एक म्हातारा माणूस, हिंदीत. तो वेरावळहून बोलत होता. गुजरातच्या किनाऱ्यावरून, सगळा समुद्र ओलांडून.

हे कधीतरी होतं. वारा पडलेला असला, समुद्रावर गरम हवेचा थर बसला, की तिथे एक बोगदा तयार होतो. एरवी क्षितिजापाशी संपणारा रेडिओचा आवाज त्या बोगद्यातून वाहत जातो. आम्ही धंद्यातली माणसं हे वाचून असतो. समोर घडताना मी फार थोड्या वेळा ऐकलंय. काका सीटवर पुढे सरकून बसले होते, स्पीकरकडे बघत.

त्या माणसाने नेहमीचा प्रश्न विचारला. "मॅडम, आपका क्यूटीएच?" क्यूटीएच म्हणजे तुमचं ठिकाण. काकू रोज सकाळी न अडखळता सांगायच्या, मुलुंड.

त्यांनी बटण दाबलं आणि थांबल्या. नुसता समुद्र गेला असेल तिकडे. त्या काकांकडे बघू लागल्या.

काका हलकेच म्हणाले, "सांग, घराकडेच आसंव म्हणान."

"घरी आहे," काकू मराठीतच बोलून गेल्या. मग सावरून म्हणाल्या, "घर पर हूं. फिलहाल गोराई."

"अच्छा, अच्छा," वेरावळचा माणूस म्हणाला. "यहां भी हवा बंद है." आणि ते दोघं हवामानावर बोलत बसले. मी पुढे वाकून वायपर बंद केले.

चार दिवसांनी त्यांनी फ्लॅटची चावी दिली आणि निघाले. पुण्याला जाऊन मग कोकणात उतरले. पहिले काही दिवस, ते घाटाच्या उंचीवर होते तोवर, काकूंचा आवाज सकाळी माझ्या गाळ्यात अधूनमधून यायचा. मग तो विरळ झाला आणि एक दिवस आलाच नाही. बॉनेटवरची एरियल, एवढाच पल्ला. आता तो आणखी कुणाला तरी येत असेल.

गाडीत नवीन काही बसवायला येतात त्या सगळ्यांना मी आधी डॅशबोर्ड उघडायला लावते. लोकांना आवडत नाही. रेडिओ बसवायला आलोय, स्क्रू कशाला बघता, म्हणतात. मी स्क्रू काढते, खालचा रंग खरवडते, आणि मगच रेडिओचा बॉक्स उघडते.