दादाच्या लॅपटॉपचं अपडेट

बायको असले अनुभव नेमाने वाचते आणि मी तिची नेमाने चेष्टा करतो. त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर ती आतून हसत असणार... हसू दे. भुतंखेतं, बाधा, झपाटणं यातल्या कशावर माझा कधीच विश्वास नव्हता. मी एका ऑफिसात आयटी सपोर्टला आहे. "सर, आपोआप झालं," असं सांगणारा माणूस मला रोज भेटतो. आपोआप काही होत नसतं. कुणीतरी काहीतरी दाबलेलं असतं आणि आता ते कबूल करायचं नसतं, एवढं साधं असतं सगळं.

मी बदलापूरला राहतो. माझा मोठा भाऊ मोहन — मोहनदादा — अंबरनाथ पूर्वेला पालेगावात राहायचा, शेतं जाऊन ज्या नव्या बिल्डिंगा झाल्यात त्यातल्या एकीत. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. मागच्या उन्हाळ्यात फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर शेअर रिक्षाने घरी येताना तो गेला. हार्ट अटॅक. शेजारी बसलेल्याला वाटलं, डुलकी लागली असेल. बिल्डिंगच्या गेटपाशी रिक्षा थांबली तरी दादा उतरेना, तेव्हा कळलं. वर वहिनींनी चहाचं आधण ठेवलं होतं.

आता त्या घरात वहिनी आणि माझी पुतणी तन्वी. तन्वी बारावीला आहे.

दादाचा एक लॅपटॉप होता. मीच उल्हासनगरच्या मार्केटमधून लछूभाईंच्या दुकानातून त्याला सेकंडहँड घेऊन दिला होता. कुठल्यातरी ऑफिसने काढून टाकलेलं बिझनेस मॉडेल, एकदम दणकट. दादा त्यावर सोसायटीची पत्रं टाइप करायचा आणि बुद्धिबळ खेळायचा. हरला की लॅपटॉपला शिव्या घालायचा. शिफ्टवरून आला की आंघोळ, मग खिडकीजवळची प्लॅस्टिकची खुर्ची, समोर लॅपटॉप, बाजूला चहा. पिन त्याच्या लक्षात राहायचा नाही म्हणून मी त्याला चेहऱ्याने लॉगिन लावून दिलं होतं. झाकण उघडलं, कॅमेऱ्याने चेहरा ओळखला, की झालं. "या घरात मला ओळखणारं हे एकच आहे," असं तो वहिनींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचा.

दिवाळीनंतर तन्वीचा फोन आला.

"काका, क्लासची ऑनलाइन टेस्ट पप्पांच्या लॅपटॉपवर ओपनच नाही होत. सिस्टीम पुरानी आहे बोलतात, नवीन व्हर्जन टाका. मोबाइलवर चालत नाही. माझ्या दोन टेस्ट ऑलरेडी गेल्या."

मी म्हटलं, माझ्याकडे ऑफिसचा एक पडलाय, तो आणतो. तर म्हणाली, "मला पप्पांचाच पाहिजे." मग तोच अपडेट करायचं ठरलं.

पण जुन्या मशीनवर एवढं मोठं अपडेट टाकायचं तर आधी आत शिरायला लागतं, बॅकअप घ्यायला लागतो. दादाचा पिन कुणालाच माहीत नव्हता. दादालाही नव्हता म्हणा... मी तन्वीला विचारलं, तुमच्यापैकी कुणाला उघडता येतो का तो?

"उघडतो ना. मम्मी उघडते रोज दुपारी."

मला वाटलं, दादाने वहिनींचाही चेहरा टाकून ठेवला असेल. शनिवारी दुपारी बॅगेत हार्डडिस्क घेऊन गेलो.

वहिनींनी लॅपटॉप टेबलावर ठेवला. खिडकीजवळची ती खुर्ची समोर ओढली. झाकण उघडलं आणि त्या स्वतः मागे, म्हणजे स्क्रीनच्या पाठीमागे, जाऊन उभ्या राहिल्या. कॅमेऱ्यासमोर नुसती रिकामी खुर्ची. कॅमेऱ्याशेजारचा बारीक लाल दिवा लुकलुकला. मी बाजूला उभा राहून स्क्रीन बघत होतो. स्क्रीनवर आलं — वेलकम, मोहन. आणि लॅपटॉप उघडला.

"बगा भाऊजी, उघडला," वहिनी म्हणाल्या. दूध उतू गेलं नाही हे सांगावं इतक्या साध्या आवाजात.

मी भूत-बित काही म्हटलं नाही. मला फॉल्ट दिसला, आणि फॉल्ट दिसला की मी तो शोधतो. लॅपटॉप लॉक केला आणि स्वतः खुर्चीत बसलो. आम्हा भावांचे चेहरे मिळतेजुळते आहेत, पण त्याने मला ओळखलं नाही. वहिनींना बसवलं, नाही. तन्वीला बसवलं, नाही. भिंतीवरचा दादाचा हार घातलेला फोटो काढून कॅमेऱ्यासमोर धरला. वहिनींना ते आवडलं नाही, मला दिसलं, तरी धरला. तेव्हाही नाही. फोटो बाजूला ठेवला, सगळ्यांना लांब उभं केलं, लेन्स रुमालाने पुसली, लॅपटॉपचं तोंड पुन्हा खुर्चीकडे केलं... वेलकम, मोहन. मग खुर्ची उचलून किचनमध्ये नेऊन ठेवली. कॅमेऱ्यासमोर उघडी भिंत. लॅपटॉप शोधत राहिला आणि मग त्याने पिन मागितला. खुर्ची परत आणली तर पुन्हा उघडला.

मी सेटिंग तपासलं. एकच चेहरा नोंदवलेला होता.

मी गॅलरीत जाऊन लछूभाईंना फोन लावला. कॅमेरा खराब असेल का, रिकाम्या जागेलाही उघडतो, असं विचारलं.

"अरे नहीं साईं," ते म्हणाले, "इन्फ्रारेडवाला कॅमेरा आहे तो, फोटोला पण फसत नाही. खराब झाला तर बंद राहील, किसी को भी अंदर नहीं लेगा. कोई तो बैठा होगा सामने. नीट बघा."

मी आत आलो. नीट बघितलं. खुर्चीच्या हातावर दादाच्या बोटांनी गुळगुळीत झालेला एक पट्टा तेवढा होता.

"फक्त दुपारचाच उघडतो," तन्वी हळूच म्हणाली. "संध्याकाळी मम्मीने किती ट्राय केलं. नाही उघडत." दुपार म्हणजे दादा शिफ्टवरून घरी यायचा ती वेळ.  लॅपटॉप उघडलेला होता, म्हणून कामाला लागलो. घाबरलो की मी काम काढतो.

फोटो आणि सोसायटीची पत्रं हार्डडिस्कवर घेतली, त्यातली चार-सहा उघडून खात्री केली. जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर आणि मुदत संपलेला अँटीव्हायरस काढला. कचरा साफ करून जागा केली. बॅटरी मेलेली होती, आणि अपडेट चालू असताना लाइट गेली तर मशीन कायमचं झोपायचं, म्हणून बिल्डिंगच्या सेक्रेटरींचा यूपीएस मागून आणला. तन्वीच्या नावाचं वेगळं अकाउंट काढलं. सगळं जागेवर होतं. एकच गोष्ट सांगायची राहिली होती आणि ती मी टाळत होतो.

"वहिनी," मी म्हटलं, "एवढ्या मोठ्या अपडेटनंतर हा चेहऱ्याने उघडेल असं नाही. बहुतेक पिन मागेल. आणि पिन आपल्याकडे नाही, जुना टाकल्याशिवाय नवा लावता येत नाही. तन्वीचं काम होईल, तिचं वेगळं उघडेल. दादाचं मात्र... पुन्हा नाही उघडणार."

वहिनी खाली बसल्या. साडीचा पदर बोटाला गुंडाळायला लागल्या.

"दहाव्याला कावळा शिवला नव्हता, आठवतंय तुमाला?"

आठवत होतं. नदीवर घाटावर पिंड ठेवलेला, कावळे आजूबाजूला होते, पण एकही जवळ येईना. आत्याने सांगून पाहिलं, कंपनीतल्या मित्राने सांगून पाहिलं, की पोरीचं आम्ही बघू, बायकोला अंतर देणार नाही. मी बाजूला उभा होतो, हे कधी आटपणार याची वाट बघत. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

"सगले बोलले, मी नाय बोलले," वहिनी म्हणाल्या. "आत्या माज्या पाठीत ढोसत होत्या, बोल, बोल म्हणून. मी तोंड दाबून धरलं. माना ठाऊक होतं, मी 'जा' बोलले का ते जातील. माना त्यांना धाडायचंच नव्हतं, भाऊजी. मंग ते रोज यायला लागले. मी तरी काय करू?"

तन्वी दारात उभी होती. "मम्मी, राहू दे. मी मैत्रिणीकडे देईन टेस्ट. राहू दे, काका."

ती खरंच मनापासून म्हणत होती, आणि तेच वाईट होतं. अजून दोन टेस्ट बुडाल्या असत्या, मग अजून दोन. सतरा वर्षांची मुलगी बापाला घरी ठेवायला स्वतःचं वर्ष द्यायला निघाली होती. वहिनींनी तिच्याकडे बघितलं. मग उठल्या, किचनमध्ये गेल्या, कपात चहा घेऊन आल्या आणि टेबलावर, लॅपटॉपच्या बाजूला, ठेवला. खुर्चीसमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

"पोरीचं काम हाय," त्या म्हणाल्या. "आमी दोघी राहू नीट. आता या तुमी."

'जा' नाही म्हणाल्या. आपल्याकडे माणसाला निरोप देताना 'या' म्हणतात तसं म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता मान हलवली आणि मी बटण दाबलं.

अपडेट सुरळीत झालं. लॅपटॉप पुन्हा पुन्हा बंद होऊन चालू झाला आणि शेवटी दादाचं नाव आलं. कॅमेऱ्यासमोर खुर्ची तशीच होती. लाल दिवा लुकलुकला, शोधत राहिला. खाली ओळ आली, तुम्हाला ओळखता आलं नाही, पिन टाका. वहिनींना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी मला विचारलंही नाही. चहाचा कप उचलून आत गेल्या आणि नळ सोडला. नळ बराच वेळ वाहत होता.

त्यानंतर मी चार-पाच शनिवार मुद्दाम दुपारचा गेलो. तन्वीची टेस्ट चालते, मार्कही बरे पडतायत. दादाचं अकाउंट उघडत नाही. त्या कॅमेऱ्याबद्दल जेवढं वाचता येईल तेवढं मी वाचलं, माझ्याहून हुशार लोकांना विचारलं. रिकाम्या जागेला चेहरा समजण्याचं कारण कुणालाच सांगता आलं नाही. खुर्ची हलवल्यावर का बंद पडला आणि आणल्यावर का उघडला, याचंही नाही. मी आता विचारणं सोडून दिलंय.

तिथे कुणी होतं की नव्हतं, मला माहीत नाही. पण वहिनी त्याच्याशी रोज बोलत होत्या. तन्वी क्लासला निघताना खुर्चीकडे बघून "पप्पा, येते" म्हणायची, हे तिने मला नंतर सांगितलं. मी मात्र माझा भाऊ हातभर अंतरावर असताना रुमालाने लेन्स पुसत होतो, आणि त्याच्याखालची खुर्ची काढून किचनमध्ये ठेवत होतो. एकदाही 'दादा' म्हणून हाक मारली नाही.