विमलताईंच्या मागच्या सीटवर

विमलताई गेल्याचं त्यांच्या मुलानं, धम्मपालनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी तांदूळ निवडत होते. "आई दुपारी जेवून पडली... उठलीच नाही." ताट मांडीवर तसंच राहिलं. पुण्यानुमोदनाला आम्ही शाळेतल्या जुन्या बाया जमलो. रडायचं म्हणून आलेल्या आम्ही, विमलताईंच्या मोटरसायकलचा विषय निघाला आणि तोंडाला पदर लावून हसत बसलो.

अर्जुनी मोरगावकडच्या शाळेत मी नवीन लागले, तेव्हा विमलताई तिथं मोठ्या बाई होत्या. बस वेळेवर यायची नाही, म्हणून नवऱ्याची जुनी मोटरसायकल त्यांनी आपल्या ताब्यात घेतलेली. नऊवारी नेसलेल्या त्यांच्या सासूबाई आधी रागावल्या, मग स्वतःच मागे बसून बाजाराला जाऊ लागल्या. सासूबाई थकल्यावर ती जागा मला मिळाली. गाडी आठवड्यातून एकदा तरी रुसायची. विमलताई शांतपणे उतरायच्या, पदर खोचायच्या. "गाडीले दोनच गोष्टी लागतात व, पेट्रोल अन् करंट. कोनती नाही ते पाह्यचं. बाकी कायले भ्यायचं?"

मला पाहायला पाहुणे येणार होते, त्या दिवशीही ती तलावाच्या पाळीवर बंद पडली. मी नवी साडी नेसून शाळेतूनच निघालेले. घरी पाहुणे येऊन बसले असणार, या विचारानं मला रडू फुटायला आलं. विमलताईंनी प्लग काढला. कोरडा होता. तो इंजिनला टेकवून मला धरायला लावला आणि किक मारली. निळी ठिणगी उडाली, तिच्यासोबत मीही.

"करंट चांगला आहे," त्या म्हणाल्या.

"मले लागला ना, ताई."

"म्हनूनच म्हनून राहिली."

मग कार्बोरेटरची नळी काढली. टाकी भरलेली, पण नळीतून चार थेंब पडून थांबले. टाकीचं झाकण उघडलं तर सूं करून हवा आत गेली आणि नळीतून पेट्रोलची धार लागली. झाकणाचं बारीक भोक मळानं बुजलं होतं, आत हवा जात नव्हती, म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. माझ्या खांद्यावरची पिन काढून विमलताईंनी ते मोकळं केलं. पिन वाकडी झाली आणि मी काळ्या हातांनी, घसरता पदर सावरत पाहुण्यांपुढे चहा घेऊन गेले. मुलाच्या आईनं हातांकडे पाहिलं. मी जे झालं ते सांगून टाकलं. मुलगा तोवर खाली मान घालून बसला होता. त्यानं वर पाहून एकच विचारलं, "मंग करंट होता का?"

त्याच्याशीच माझं लग्न झालं.

धम्मपाल नागपूरला असतो. त्यानं गेल्या महिन्यात ती गाडी गोंदियाला आमच्या अंगणात आणून लावली. म्हणाला, "बाई, तुमच्याशिवाय हिले कोनी समजून घेनार नाही." परवा बाहेर काढली. सुरू झाली, पण फाटकातून डावीकडे वळवताच बंद. हँडल सरळ केलं की सुरू, डावीकडे नेलं की बंद. मी सवयीनं मोबाइल घेतला. विमलताईंचं नाव काढलं आणि... तशीच उभी राहिले.

"मेकॅनिकले बोलावू का?" नवऱ्यानं विचारलं.

"थांबा. पेट्रोल आहे. करंट जाऊन राहिला."

हँडल वळताना वायर ताणली जाते, एवढं तर सरळच होतं. हेडलाइटमागच्या वायरी एकेक चाचपल्या. एक बाहेरून धड होती, पण बोटांत मऊ लागली. कव्हर सोललं तर आतली तार तुटलेली. पीळ देऊन जोडली, टेप गुंडाळली, किक मारली. हँडल उजवीकडे, डावीकडे, परत डावीकडे... इंजिन चालूच राहिलं. मी बराच वेळ उगाच हँडल वळवत बसले. डोळे भरून आले होते आणि हसूही येत होतं.

मग नवऱ्याला म्हटलं, "बसा मागे."

"कुठं जायचं?"

"डावीकडे."