गजभिये मॅडम आणि मिठाचं पाणी

उंदराला उचलण्याआधी गजभिये मॅडम दोन्ही हात चोळून गरम करायच्या. "गार हात कोणाले आवडते, सुखदेव?" जबलपुरातल्या जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात मी पिंजरे धुवायला लागलो होतो. शाळा आठवीत सुटलेली, घर तुमसरकडे, आणि साहेबांशी हिंदीत बोलताना माझी बोबडी वळायची. मॅडमचे आजोबा नागपूरकडून इथल्याच रांझी भागातल्या कारखान्यात आलेले. त्या माझ्याशी घरची भाषा बोलत. तेवढ्यावर मी तिथे टिकलो.

काम असं होतं. मेंदूची नस बंद करून उंदराला लकवा आणायचा. मग काहींना हाडातल्या मगजातून काढून वाढवलेल्या स्टेम सेल टोचायच्या, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय दिलं, हे मॅडम स्वतःही विचारत नसत. ते फक्त शेजारच्या खोलीतल्या तिवारीजींना ठाऊक. "मले कळलं, तर मले पाहिजे तेच दिसन," त्या म्हणायच्या. मग आम्ही उंदराच्या पंजाला चिकटपट्टीचा तुकडा लावून उंदीर तो किती वेळात ओढून काढतो, ते बघत बसायचो.

त्याच दिवसांत गावी बाबांना लकवा झाला. डावं अंग गेलं. मी पिंजऱ्यांपुढे येरझारा घालत राहिलो. "काहून असा चकरा मारून राहिला? उंदीर घाबरतात न तुले," मॅडम म्हणाल्या. इकडे एक उंदीर झपाट्याने सुधारत होता. डाव्या पंजाची पट्टी फटकन काढायचा. शेवटी मी मॅडमची वाट अडवली.

"मॅडम, हेच माह्या बाबाले द्या. पाया पडतो तुमच्या."

"अरे, हे अजून उंदरातच पाहून राहिलो आपण. बाबाले काही झालं म्हणजे?"

"नाही दिलं तरी पडलेच हायेत न ते!"

मी ओरडलोच. त्या रागावल्या नाहीत. "कोणाले काय देलं, ते तिवारीजीले सांगू दे आधी. थांब."

निकालाच्या दिवशी तिवारीजींनी आपली वही उघडली. स्टेम सेल दिलेले उंदीर एकंदरीत जास्त सुधारले होते. पण माझा तो उंदीर? तिवारीजी म्हणाले, "इसको तो नमक का पानी मिला था, भैया."

मी त्या उंदराचा पिंजरा पुढे ओढला. "मग हा काहून बरा झाला?"

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. एवढी शिकलेली बाई असं म्हणू शकते, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. "तू गावी जा. डॉक्टर दाखवन तसा बाबांचा हात रोज हलव. आणि कोणी स्टेम सेलची सुई विकाले आला, तर पहिले मले फोन कर." माझ्या सुट्टीसाठी त्या साहेबांशी भांडल्या.

बाबा आता माझ्यापाशी रांझीला असतात. काठी टेकत दारापर्यंत जातात. हात मात्र तसाच लोंबतो, बोटं आत वळलेली. मॅडम मागच्या वर्षी वारल्या. परवा मी बाबांच्या हाताचा व्यायाम घेत होतो, तर ते म्हणाले, "त्या बाईनं सुई देली असती, तर उठला असता का रे हा?"

मॅडम त्या दिवशी खोटं बोलल्या असत्या, तर मीही आता बोललो असतो.

"माहीत नाही, बाबा," मी म्हणालो, आणि त्यांचं पुढचं बोट उघडलं.